कार्ट अर्धवट सोडणारा ग्राहक आणि आपोआप जोडलेले ४९ रुपये

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमचे साड्यांचे दुकान आहे. भंडारा जिल्ह्यातल्या विणकरांच्या करवतकाठी टसर साड्या दोन वर्षांपासून आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरूनही विकतो. लोक साडी कार्टमध्ये टाकतात आणि पैसे भरायच्या आधीच निघून जातात. म्हणून दिवाळीच्या आधी एका एजन्सीला काम दिले. त्यांनी दहा मिनिटांचा टायमर लावला, ‘फक्त २ शिल्लक’ अशी पट्टी टाकली, शिपिंगचे १५० रुपये शेवटच्या पानावर नेले आणि ‘विणकर कल्याण निधी’चे ४९ रुपये आधीच टिक करून ठेवले. ते पैसे अजून दुकानाच्याच खात्यात आहेत, पुढे द्यायचे ठरले होते. ती टिक काढली की ‘मला विणकरांची पर्वा नाही’ असे बटण येते. कार्ट सोडणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर रोज मेसेजही जातात. चार दिवसांपूर्वी पुण्याच्या एका ग्राहक बाईंची ईमेल आली : ‘४९ रुपये परत करा, नाहीतर ग्राहक आयोगात जाते.’ एजन्सी म्हणते, सगळेच असे करतात, लक्ष देऊ नका. मी काय करू?

उत्तर : ताई, लक्ष द्या, आणि आजच द्या. तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्हाला बहुधा खटकली नसेल, पण वकील म्हणून माझे डोळे तिथेच थांबले. ईमेल येऊन चार दिवस झाले आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तक्रार एका महिन्यात निकाली काढावी लागते. पहिली मुदत गेली, दुसरी हातात आहे. स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचा माल नियमित विकणारे छोटे दुकानही या नियमांखाली येते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क साइटवर असायला हवा. नसेल तर तुमचे किंवा घरातल्या जबाबदार माणसाचे नाव टाका.

आता त्या ४९ रुपयांकडे येऊ. रक्कम किरकोळ आहे, पण तुमच्या प्रकरणातली सर्वांत कमजोर बाजू हीच आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवून हवे ते करवून घेणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत तेरा प्रकार नोंदवले. ग्राहकाच्या संमतीशिवाय कार्टमध्ये वस्तू, सेवा किंवा देणगी घुसवून एकूण रक्कम वाढवणे हा त्यांतला एक. देणगीचा उल्लेख तिथे शब्दशः आहे, त्यामुळे ‘चांगल्या कामासाठी घेतले’ हा बचाव टिकणार नाही. शिवाय २०२० च्या नियमांत आधीच टिक केलेल्या चौकटीतून संमती नोंदवायला स्पष्ट मनाई आहे. ‘पर्वा नाही’ हे बटण म्हणजे ग्राहकाला लाजवून होकार काढणे, तोही या तेरांपैकीच एक.

त्याहून गंभीर प्रश्न असा, की दिवाळीपासून जमलेले हे पैसे गेले कुठे? तुम्ही लिहिता, ते दुकानाच्याच खात्यात आहेत, पुढे द्यायचे ठरले होते. ताई, निधीच्या नावाने घेतलेला पैसा निधीत गेला नाही, तर प्रकरण अनुचित व्यापार प्रथेपुरते राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा आरोपही कुणी करू शकते. तुमचा हेतू वाईट नव्हता यावर माझा विश्वास आहे, पण तो कागदावर दिसायला हवा. म्हणून एकट्या पुण्याच्या बाईंना पैसे देऊन गप्प बसू नका. ज्या ज्या ऑर्डरमध्ये ही रक्कम कापली गेली, त्या सगळ्यांची यादी काढा, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करा आणि प्रत्येकाला दोन ओळींचा मेसेज पाठवा. ज्यांना खरेच द्यायचे असतील ते परत देतील.

टायमरबद्दल सांगायचे, तर प्रत्यक्ष मुदत असेल तर टायमर बेकायदा नाही. सवलत रविवारी रात्री संपणार असेल तर तसे खुशाल लिहा. पण पान पुन्हा उघडले की घड्याळ नव्याने दहा मिनिटांवर जाते, म्हणजे ती घाई खोटी आहे. ‘फक्त २ शिल्लक’चेही तसेच. गोदामात दोनच असतील तर लिहा, वीस असताना नको. खोट्या दाव्याला प्राधिकरणाने दिशाभूल करणारी जाहिरात ठरवले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ प्रमाणे १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानावर उद्याच असा दंड येईल असे मी म्हणत नाही. पण ‘सगळेच करतात’ हे उत्तर कुठल्याच आयोगापुढे चालत नाही.

शिपिंग शेवटी उघड करणे हाही त्याच यादीतला प्रकार आहे. नियमांनुसार एकूण किंमत एकाच आकड्यात आणि तिची फोड त्याच्यासोबत दाखवायची असते. मला व्यापाराचे फारसे कळत नाही, पण इथे कायदा आणि धंदा एकाच बाजूला आहेत. कार्ट अर्धवट सोडण्याचे प्रमाण जगभर सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास आढळते, आणि शेवटी वाढलेला खर्च हे लोक सांगतात ते सर्वांत मोठे कारण. म्हणजे ज्या उपायासाठी तुम्ही एजन्सीला पैसे दिले, तोच ग्राहकाला पळवतो आहे. १५० रुपये साडीच्या पानावरच लिहा, किंवा किमतीत धरा. खाते उघडल्याशिवाय खरेदी होत नसेल, तर तीही अट काढा.

नागपूरच्या गांधीबाग कापड बाजारात बाई साडी उलगडून पाहतात, ‘घरी विचारून येते’ म्हणतात आणि पायऱ्या उतरतात. आपण दार अडवत नाही. कार्ट म्हणजे तेवढेच. कार्टमध्ये साडी टाकली म्हणून ऑर्डर झाली नाही, करार झाला नाही, ग्राहक तुमचे काहीही देणे लागत नाही. एकदा आठवण करून देणे वेगळे, रोज मेसेज पाठवणे वेगळे. नंबर डिलिव्हरीसाठी घेतला, तर जाहिरातीसाठी वेगळी संमती घ्या, आणि नको म्हणणे होकाराइतकेच सोपे ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नेमके हेच मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमतीच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबायचे काहीच कारण नाही.

त्या बाई खरेच आयोगात गेल्या तर? ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे त्या राहतात तिथे, म्हणजे पुण्यातच तक्रार दाखल करू शकतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. त्यांना काहीच खर्च नाही आणि तुम्हाला मात्र नागपूरहून जा-ये, किंवा परवानगी मिळाली तर व्हिडिओवर सुनावणी.

एजन्सीशी वाद नंतर घाला. साइट तुमची, पैसे तुमच्या खात्यात, त्यामुळे ग्राहकापुढे उत्तर तुमचेच. करारात नुकसानभरपाईचे कलम आहे का ते पाहा, आणि वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी बंद करायची सूचना त्यांना ईमेलने द्या, फोनवर नको. मात्र जुन्या पानांचे स्क्रीनशॉट आणि ऑर्डरच्या नोंदी कुणालाही पुसू देऊ नका. दुरुस्ती कधी केली हे त्यांवरूनच सिद्ध होईल.

बाईंना असे लिहा : ‘आपली तक्रार मिळाली. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. आपल्या ऑर्डरमध्ये आपल्या संमतीशिवाय ४९ रुपये जोडले गेले, ही आमची चूक आहे. रक्कम आज परत केली आहे, व्यवहार क्रमांक सोबत आहे. आधीच टिक केलेली चौकट साइटवरून काढली आहे.’ एवढेच. कारणे देऊ नका, एजन्सीचे नाव घेऊ नका, ‘तक्रार मागे घ्या’ अशी अट घालू नका. आणि शेवटची दोन वाक्ये खरी झाल्यावरच ईमेल पाठवा.