दिरांनाच बोलू द्या, वैनी

प्रश्न : आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. माझे धाकटे दीर 29 वर्षांचे आहेत, त्यांना डाऊन सिंड्रोम आहे. बौद्धिक दिव्यांगांना दवाखान्यात काय अडचणी येतात ते ऐकायला तालुक्याला बैठक ठेवली आहे. आशाताई दिरांचं नाव लिहून घेऊन गेल्या. सासूबाई म्हणतात, त्याला चार लोकांत काय बोलता येणार, हसतील सगळे. दीर मात्र इस्त्रीचा शर्ट काढून बसलेत. त्यांच्याऐवजी मी जाऊन बोलले तर चालेल का?
– एक वैनी, खानापूर तालुका

उत्तर : जा की. पण त्यांच्याऐवजी नको, त्यांच्याबरोबर जा. तुम्हाला दवाखान्यात दिसते ती रांग, औषधाचा खर्च, चुकलेली बस. दिरांना दिसतं ते वेगळंच असतं.

बेळगावात मी बरीच वर्षं विशेष शाळेत शिकवलं. आमची मुलं आता मोठी झालीत, अधूनमधून भेटायला येतात, तेव्हा मी विचारते. एकजण म्हणाला, "पोट माझं दुखतंय आणि डॉक्टर आईला विचारतात." एकीला घरी सगळे बाळी म्हणतात, दवाखान्यात तिला कागदावरच्या नावानं, तेही कन्नडात पुकारतात, म्हणून आपला नंबर आला हेच तिला कळत नाही. तिनंच दुसरी गोष्ट सांगितली : "बीपीचा पट्टा आवळतो तेव्हा तो सुटणार आहे असं कुणी सांगत नाही." ती पट्टा ओढून काढायची, आणि 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा पडायचा. एक वाक्य आधी सांगितलं की काम होतं, पण ते सुचवायला तीच लागली.

सासूबाईंना सांगा, बैठकीत हसू येईल असं बोलणारे बहुतेक शिकलेलेच असतात.

आता तयारी. "इथली सेवा कशी वाटते?" असं विचारलं की आपली माणसं "चांगली" म्हणून मोकळी होतात, मोठ्यांना बरं वाटावं म्हणून. त्यापेक्षा आशाताईंना सांगून बैठकीआधी दिरांना दवाखान्यातून फिरवा : चिठ्ठीची खिडकी, वजनकाटा, रक्त घेतात ती खोली. कुठं थांबावंसं वाटत नाही ते त्यांनाच दाखवू दे. तुम्ही मोबाईलवर फोटो काढा. बैठकीत फोटो पुढं केला की त्यांना बोलायला धागा मिळेल. साहेब कन्नडात विचारतील, तर मराठीत तुम्ही सांगा, उत्तर मात्र दिरांचं. साहेब तुमच्याकडं बघून विचारायला लागले तर तुम्ही दिरांकडं बघा, आपोआप त्यांचीही मान वळते. दिरांसारखं आणखी कुणी येणार असेल तर दोघांना शेजारी बसवा, एकट्यानं बोलणं जड जातं.

ऑलिव्हर मॅकगोवन हा इंग्लंडमधला 18 वर्षांचा, ऑटिझम आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेला मुलगा. एक औषध मला नको, असं तो आणि त्याचे आईवडील सांगत होते, तरी दिलं गेलं. 2016 मध्ये तो गेला. त्याच्या आईनं पाठपुरावा केला आणि 2022 च्या कायद्यानं तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना अशा रुग्णांविषयीचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. ऑलिव्हरच्या नावानं चालणाऱ्या त्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांमध्ये बौद्धिक दिव्यांग माणसंही असतात. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 25 मध्ये, तपासणी आणि उपचारात प्राधान्य द्यायला सांगितलंय. रांगेचा विषय निघाला की हे कलम नाव घेऊन सांगा.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगते. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड कमी पडणं बरंच आढळतं, म्हणून त्याची रक्ततपासणी दरवर्षी करायला सांगतात. माणूस मंदावला, झोपून राहू लागला की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही 'तो तसाच आहे' म्हणतात आणि आजार तसाच राहतो. दिरांची शेवटची तपासणी कधी झाली बघा, कान-डोळेही दाखवून घ्या.

बैठकीत जे ठरेल ते दिरांना कोण आणि कधी कळवणार, हे उठायच्या आधी विचारून घ्या. तुमचं बसचं तिकीट शक्ती योजनेत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या मोफत प्रवास योजनेत, फुकट आहे, पास नसेल तर दिरांचं लागेल. बैठकीच्या बाकी सदस्यांना भत्ता असला तर दिरांनाही मिळायला हवा, आणि तो त्यांच्याच हातात.