धक्का लहान, रक्त फार

प्रिय डॉक्टर,

परवाच्या पेशंटबद्दल तू विचारलंस. बाई जिन्यात दोनच पायऱ्या घसरल्या, फास्ट सोनोग्राफी (मार लागल्यावर पोटात रक्त साचलंय का, हे झटपट बघायची तपासणी) कोरी, मग पल्स १२० कशी? हा प्रश्न पडला आणि तू त्यांना सीटीला पाठवलंस, तिथेच मला बरं वाटलं.

फास्टमध्ये पोटाच्या पोकळीत साचलेलं दिसतं. किडनी त्यामागच्या कप्प्यात. तिथे लिटरभर रक्त जमलं तरी फास्ट कोरी येऊ शकते. मार आणि रक्त यांचा हिशेब जुळेना, की आत आधीपासून काय होतं ते शोधायचं.

सीटीत किडनीलगत तो काळपट भाग होता ना, त्यावर कर्सर ठेवून घनतेचा आकडा (हाउन्सफिल्ड युनिट) बघ. पाणी शून्य धरतात. उणे १०च्याही खाली गेलं की चरबी. किडनीच्या गाठीत चरबी म्हणजे बहुतेक वेळा अँजिओमायोलायपोमा, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची गाठ. कॅन्सर नाही, पण तिच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या आणि जागोजागी फुगलेल्या. गाठ ४ सेंटिमीटरच्या वर किंवा वाहिनीवरचा फुगा ५ मिलिमीटरच्या वर असला, तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. गरोदरपणातही.

मी रजिस्ट्रार असताना अशीच एक मुलगी आली होती, बाथरूममध्ये पडलेली. बीपी रक्त दिल्यावर सावरलं होतं, तरी मी घाईने पोट उघडलं. मागचा दाबून बसलेला रक्ताचा गोळा मोकळा झाला, रक्त थांबेना, किडनी काढावी लागली. आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: अँजिओमायोलायपोमा. मग आठवलं, तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लालसर पुटकुळ्या होत्या. मी मुरुम समजलो होतो. तिला ट्युबरस स्क्लेरोसिस (अनेक अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार) होता आणि उरलेल्या किडनीतही तशाच गाठी.

रक्त देऊनही पेशंट कोसळत असेल तर उघडावंच लागतं, त्यात दुमत नाही. पण सावरत असेल तर इंटरव्हेन्शन रेडिओलॉजीला आधी फोन कर. मांडीतून कॅथेटर घालून फुटलेली वाहिनी आतूनच बंद करतात, किडनी वाचते. नंतर दोन-चार दिवस ताप आणि कुशीत दुखणं येतं. इन्फेक्शन आहे का बघ, पण घाबरून अँटिबायोटिक बदलत बसू नकोस.

त्या आजाराच्या खुणा आहेत का म्हणून उद्या राउंडला या बाईंचे गाल उजेडात बघ, नखांच्या कडा बघ. लहानपणी फिट यायच्या का, तेही विचार. आणि दुसऱ्या बाजूच्या किडनीचे फोटो घेऊन ये, आपण बसून पाहू.

तुझे सर