‘ओलेयाझ्दम’मधलं ‘याझ’ लिहिण्याचं नव्हे

प्रश्न : तुर्कीत ‘निघायच्या बेतात आहे’ याला ‘गित्मेक उझेरेयिम’ म्हणतात. मग ‘मरता मरता वाचलो’ याला ‘ओलेयाझ्दम’ कसं? ‘याझ्माक’ म्हणजे तर लिहिणे. मरण कपाळी लिहिलं होतं, असा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : नाही, नाही आणि नाही! तुर्की मालिका बघणाऱ्यांकडून हे कपाळपुराण ऐकून कान किटले. तुर्कीत ‘आलन याझस’, म्हणजे ललाटलेख, हा शब्द आहे हे खरं. त्यामुळेच सगळे फसतात.

‘उझेरे’ फारसं अवघड नाही. ‘उझेर’ म्हणजे वरची बाजू. क्रिया अगदी तोंडावर आली की क्रियापदाच्या ‘-णे’ रूपाला, म्हणजे ‘-मेक’ किंवा ‘-माक’ला, ‘उझेरे’ जोडायचं. फक्त निरोपाचं ‘गोरुश्मेक उझेरे’ ऐकून ‘आत्ता भेटणारच आहोत’ असं समजू नका. ते आपलं ‘पुन्हा भेटूच’. तिथे ‘उझेरे’ हेतू सांगतो.

आता खरी गंमत. ‘ओलेयाझ्दम’मधलं ‘याझ’ हा जुना, वेगळा धातू आहे. अर्थ चुकणे, नेम हुकणे. अकराव्या शतकात महमूद काशगरीने बगदादेत तुर्की बोलींचा कोश रचला. त्यात म्हण आहे : ‘याझ्मास आतम बोल्मास, यांगल्मास बिल्गे बोल्मास’. नेम न हुकणारा तिरंदाज नसतो, न चुकणारा शहाणा नसतो. या तिरंदाजाच्या हाती लेखणी द्यायची की काय? याच धातूपासून ‘याझुक’, म्हणजे पाप, आणि त्याचंच आजचं रूप ‘याझक’. इस्तंबूलच्या रस्त्यात कुणाचं पोर धडपडलं की बायका हळहळून म्हणतात ते ‘याझक!’, अरेरे! मूळ पापाचं, उरली हळहळ.

तेव्हा ‘दुशेयाझ्दम’, म्हणजे पडता पडता वाचलो, याचा शब्दशः अर्थ पडायचा नेम हुकला. तुर्की व्याकरणकार याला ‘याक्लाश्मा’चं, म्हणजे जवळ येण्याचं, क्रियापद म्हणतात. मला हे नाव साफ नामंजूर. जवळ तर ‘उझेरे’सुद्धा येतं! पण ‘उझेरे’त पुढे क्रिया घडेल की नाही, हे उघडं राहतं. ‘याझ’मध्ये ती घडली नाही, हे ठरून गेलेलं असतं. त्याला हुकण्याचं क्रियापद म्हणायला काय हरकत होती? आपल्याकडे ‘मरण हुकलं’ म्हणतातच की.

आणि ‘ओलेयाझ्दम’ पाठ करून चारचौघांत फेकू नका. ते आता पुस्तकी झालंय. पडता पडता वाचले तर लोक ‘आझ काल्सन दुशुयोर्दुम’ म्हणतात. त्यातलं ‘आझ काल्सन’ शब्दशः ‘थोडं उरो’, म्हणजे थोडक्यात वाचलो. नाहीतर ‘नेरेदेयसे दुशुयोर्दुम’, जवळजवळ पडलोच होतो.

हां, प्रश्न बेताचा होता. विमान सुटायच्या बेतात असेल तर ‘उचाक काल्कमाक उझेरे’. इथे ‘याझ’ लावलंत, तर विमान उडता उडता राहिलं असा अर्थ होईल.