‘वोताकोई’ वाचायला घेतोयस तर...

पहिलाच मांगा (जपानी कॉमिक) म्हणून फुजिता यांचा ‘वोताकोई’ निवडलास, फार छान! वाचकांची मतं वाचून मात्र बिचकू नकोस. ‘प्रेमकथा पुढेच सरकत नाही’ ही तक्रार हमखास दिसेल. पण नारुमी आणि हिरोताका या ऑफिसमधल्या सहकाऱ्यांचं जमतं ते सुरुवातीलाच. खरी मजा त्यानंतर आहे: ऑफिस, गेम, आणि एकमेकांचं मांगा-गेमचं वेड समजून घेत सोबत राहणं. हिरोताका मनातलं फारसं बोलत नाही, म्हणून तो काय करतो तिकडे लक्ष ठेव. मला तर कोयानागी-काबाकुरा या दुसऱ्या जोडीची भांडणंच जास्त आवडतात. एकूण ११ खंड, २०२१मध्ये मालिका पूर्ण झाली. चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. २०१८चा अ‍ॅनिमे (यावरची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) नंतर बघ, त्यात गोष्ट शेवटपर्यंत जात नाही.