सावजी सोडलं, तरी युरिक ॲसिड उतरेना

प्रश्न : वय ३८, राहणार महाल, नागपूर. वडिलांना गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांध्यांची सूज) आहे. माझाही पायाचा अंगठा वर्षभरात तीनदा सुजला. युरिक ॲसिड ८.२ होतं. सावजी मटण, तूरडाळ, पालक सगळं बंद केलं, तरी ७.९ वरच अडलंय. थोरला भाऊ सगळं खातो, त्याला काहीच नाही! जनुकांची तपासणी करू का?

उत्तर : तपासणीवर पैसे घालू नका. उपचार जनुकांच्या अहवालावर नाही, रक्तातल्या आकड्यावर ठरतात.

हे घराण्यातून आलं असावं, हा तुमचा अंदाज मात्र बरोबर आहे. बहुतेकांचं युरिक ॲसिड वाढतं ते जास्त तयार होतं म्हणून नव्हे, कमी बाहेर पडतं म्हणून. साधारण दोन तृतीयांश किडनीवाटे जातं, उरलेलं आतड्यावाटे. एसएलसी२ए९ या जनुकाचं प्रथिन ते किडनीतून परत रक्तात ओढतं, तर एबीसीजी२चं प्रथिन बाहेर ढकलतं. एबीसीजी२च्या एका प्रकारात हे ढकलणं जवळपास निम्म्यावर येतं. हा प्रकार युरोपीय लोकांपेक्षा पूर्व आशियात कितीतरी जास्त आढळतो. वडिलांकडे त्याची एक प्रत असेल, तर प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता निम्मी. तुम्हाला मिळाली, भावाला नाही, असं सहज होऊ शकतं. अर्थात अशी जनुकं अनेक आहेत, आणि ती असूनही कित्येकांना गाऊट होत नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांवर लोकांची माहिती तपासली गेली. माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकाचा एक टक्काही कुठल्या एका पदार्थाने उलगडला नाही. सर्वसाधारण जनुकीय फरकांनी सुमारे २४ टक्के उलगडला. तेव्हा तूरडाळ आणि पालक खुशाल सुरू करा, त्यांना उगाच बदनाम केलंय. गुर्दा-कलेजी, बीअर आणि साखरेची कोल्ड्रिंक्स टाळा. संत्र्याचा रस गाळून पिण्यापेक्षा संत्रं सोलून खा. ग्लासभर रसात तीन-चार फळांची साखर जाते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पाणी कमी पडलं की गाऊटचा झटका येऊ शकतो, म्हणजे सांधा अचानक सुजू शकतो.

वर्षात दोन किंवा जास्त झटके आले, तर औषध लागतं. पथ्यावर आणखी महिने घालवू नका.

प्रश्न : युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी सुरू केल्यावर अंगठा पुन्हा सुजला. गोळी बंद केली. बरोबर केलं ना?

उत्तर : नाही. आकडा उतरू लागला की सांध्यात साठलेले युरिक ॲसिडचे स्फटिक विरघळताना सुटे होतात आणि झटका येतो. म्हणूनच पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन हे झटका रोखणारं औषध देतात. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू करा. सुरुवात रोज १०० मिलिग्रॅमने, किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी. मग दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा वाढवायची, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत. सर्रास होणारी चूक म्हणजे १०० वरच वर्षानुवर्षं थांबणं.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा : अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, तर गोळी त्याच क्षणी थांबवून दवाखाना गाठा. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर तेही आधीच सांगा. दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं.

प्रश्न : ऐन सुजेत तपासलं, तर आकडा ५.८ आला. मग हा गाऊट नाही?

उत्तर : असू शकतो. झटक्यात आकडा तात्पुरता खाली येतो. सूज उतरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.