पाठ मातीला लागल्यावर

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. पाच वर्षं कराटे शिकते, ब्राउन बेल्ट आहे. मे महिन्यात मुंबईहून माझ्या बहिणीचा मुलगा आला होता. तो सतरा वर्षांचा, दोन वर्षं ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडून लढण्याचा प्रकार, शिकतोय. एका संध्याकाळी पुळणीवर दोघं मजेमजेत झुंजले. तिने लाथ मारली, ती त्याने धरली आणि अर्ध्या मिनिटात ती खाली, त्याचा हात तिच्या गळ्याभोवती. तीनदा तेच झालं. तेव्हापासून ती क्लासला जात नाही. ‘पाच वर्षं फुकट गेली’ म्हणते. पुढच्या वर्षी ती अकरावीला रत्नागिरीत होस्टेलवर राहील, म्हणून जास्त काळजी वाटते. कराटे खरंच कुचकामी आहे का? जिउ-जित्सूच सगळ्यांत परिणामकारक का?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, मुलीला आधी एवढंच सांगा, की तिचं जे झालं तेच माझंही झालंय, आणि तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो.

एकोणिसाव्या वर्षी मी गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला गेलो आणि दोन वर्षं तालमीत राहिलो. मग शारीरिक शिक्षणाचा कोर्स करताना ज्युदोला लागलो, तो आजतागायत. एवढी शिदोरी घेऊन मुंबईत एका जिउ-जित्सूच्या वर्गात उभा राहिलो. समोर साठएक किलोचा, ब्लू बेल्टवाला मुलगा. मी त्याला लगेच फेकला, चांगला पाठीवर फेकला. तालमीत असतो तर कुस्ती निकाली झाली असती. ज्युदोत पंचाचा हात वर गेला असता. तो मुलगा मात्र पडल्या पडल्या माझ्या कमरेला दोन्ही पायांचा विळखा घालून शांत राहिला. त्याचा श्वासही चढला नव्हता. मग त्याने माझं कोपर थोडं ओढलं, माझा तोल गेला आणि मी खाली आलो. खाली आल्यावर अंगाने जे केलं ते मी ठरवून केलेलं नव्हतं : मी पोटावर वळलो. पंचवीस वर्षं घोटलेली सवय होती, पाठ मातीला लागू द्यायची नाही. पुढच्या क्षणी तो पाठीवर होता आणि त्याचा हात माझ्या हनुवटीखाली. मी हाताने थापटलं, म्हणजे हार मानली.

त्या रात्री झोप लागली नाही. हरल्याचं नव्हतं एवढं काही, पण माझ्या अंगाला जो नियम पाठ होता, त्याच नियमाने मला पकडून दिलं होतं, हे डोक्यातून जाईना. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, म्हणून पैलवान पोटावर वळतो. ज्युदोतही जमिनीवर काही घडेना झालं, की पंच दोघांना उठवतो, म्हणून खेळाडू कासवासारखा आवळून वेळ काढतो. जिउ-जित्सूत कोणी उठवत नाही. तिथे पाठीवरूनच लढाई सुरू होते आणि दुसऱ्याच्या पाठीवर पायांचा आकडा घालून बसण्याला सगळ्यांत जास्त, ४ गुण आहेत, छातीवर बसण्याइतकेच. नुसतं खाली पाडण्याला २. अंगाला जो हिशेब शिकवाल, तो अंग संकटात मांडतं. तुमच्या मुलीच्या अंगाला पाच वर्षं शिकवलं गेलं, की पकड झाली की पंच थांबवतो. पुळणीवर पंच नव्हता.

आता ‘सगळ्यांत परिणामकारक’ हे बिरूद आलं कुठून ते बघू. १८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी जपानात कोदोकान ही शाळा स्थापून ज्युदो घडवला. त्यांच्याकडचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातला कार्लोस शिकला. धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ, म्हणून ताकदीपेक्षा खालून लढण्यावर भर आला. म्हणजे घर एकच, ज्युदोचं. १९५१ मध्ये जपानचा मासाहिको किमुरा रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलिओशी लढला आणि त्याचा हात पिरगाळून जिंकला. हरवलेल्यांनी त्या डावाला हरवणाऱ्याचंच नाव दिलं. आजही जिउ-जित्सूचा कुठलाही विद्यार्थी ‘किमुरा’ शिकतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पुढे १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची एकमेकांशी स्पर्धा, झाली. वजनगट नाहीत, बॉक्सर, कराटेवाले, सुमोवाला, सगळे एका जाळीत. हेलिओचा मुलगा रॉयस, त्यातल्या हलक्यांपैकी एक, एका रात्रीत तिघांना हरवून गेला. तिन्ही लढती मिळून जेमतेम पाच मिनिटं. जग हादरलं ते तेव्हा. तुमच्या भाच्याला जो अभिमान आहे त्याचं मूळ हे, आणि तो अभिमान खोटा नाही. पण दोन गोष्टी त्याला सांगितल्या गेल्या नसाव्यात. एक, स्पर्धा उभी करणाऱ्यांत रॉयसचा सावत्र भाऊ होता, आणि समोरच्यांपैकी बहुतेकांनी जमिनीवरची झुंज पाहिलीही नव्हती. दोन, पुढे सगळे ती शिकले. १ मे २००० रोजी तोक्योत काझुशी साकुराबा या कुस्तीगिराने त्याच रॉयसला नव्वद मिनिटं झुंजवलं आणि शेवटी रॉयसच्या बाजूने टॉवेल पडला. आणि कराटे कुचकामी म्हणाल, तर २००९ मध्ये यूएफसीच्या लाइट हेवीवेट गटाचा विजेता झालेला ल्योटो माचिदा लहानपणापासून शोतोकान कराटेत वाढलेला. मात्र त्याच्याकडे जिउ-जित्सूचाही ब्लॅक बेल्ट होता, हे मुलीला नक्की सांगा.

मला विचाराल तर जिउ-जित्सूचा खरा जोर डावांत नाही, थापटण्यात आहे. ठोसा पूर्ण ताकदीने रोज मारला तर जोडीदार टिकणार नाही, म्हणून बऱ्याच वर्गांत तो हवेत मारला जातो किंवा अंगाजवळ थांबवला जातो. गळ्याचा फास किंवा हाताची पिरगळ मात्र पूर्ण जोरात नेता येते, कारण समोरच्याने दोनदा थापटलं की सोडायचं. म्हणून तुमच्या भाच्याने दोन वर्षांत शेकडो वेळा खऱ्या जोराने झटणाऱ्या माणसाशी झुंज घेतलीय. मुलीने पाच वर्षांत किती वेळा घेतली? हा प्रश्न कराटेला नाही, तिच्या क्लासला आहे. कराटेतही क्योकुशिनसारख्या परंपरेत अंगावर सपाटून मार घेत लढतात. बॉक्सिंगमध्ये, कुस्तीत रोज लढत असते. जिथे रोज लढत असते, तिथली माणसं लढू शकतात.

उणिवाही सांगतो. पुळणीवर पाठीवर पडून लढणं सोपं. आपल्याकडे घराबाहेर पाऊल टाकलं की जांभा. एकदा मुलांना दाखवण्याच्या नादात मी शाळेच्या अंगणात, चिऱ्यांच्या फरशीवर, गुडघा टेकून डाव सुरू केला. गुडघ्याची साल निघाली, आत तांबडी कच रुतून बसली, आठवडाभर पू येत होता. कातळावर कोणाला पायांच्या विळख्यात धरून बसणं म्हणजे आपल्याच मणक्यावर त्याचं वजन घेणं. समोर दोघे असतील तर एकाला कवटाळून दुसऱ्याची लाथ खायची. आणि स्पर्धेचं जिउ-जित्सू शिकलेल्याला खाली असताना तोंडावर ठोसा बसेल याची सवयच नसते. अंतर राखणं, ठोसा येताना डोळे न मिटणं, एक सणसणीत फटका देऊन पळणं, हे मुलीकडे आहे आणि भाच्याकडे बहुधा नाही.

म्हणून कराटे सोडायला लावू नका. पण होस्टेलवर जायच्या आधी तिला एक गोष्ट आलीच पाहिजे : अंगावर वजन असताना खालून सुटून उभं राहणं. त्यातली पहिली हालचाल कुशीवर वळून, पाय रोवून, बूड मागे सरकवण्याची. तिचं इंग्रजी नावच कोळंबीवरून पडलंय. आमची मालवणची मुलं तिला सरळ ‘सुंगटा’ म्हणतात आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटत जातात. दुसरी, कोणी छातीवर बसलं तर. त्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांनी छातीशी आवळायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवायचा, मग टाचा बुडाशी ओढून कंबर एकदम उचलायची आणि त्याच खांद्यावरून वळायचं. टेकायला हातही नाही, पायही नाही, म्हणून माणूस कलंडतोच. पंचेचाळीस किलोच्या मुलीने सत्तर किलोच्या मुलाला असं उलटवलेलं मी दर वर्षी बघतो. पहिल्यांदा वजन अंगावर आलं की मुली डोळे घट्ट मिटतात, श्वास रोखतात. तेव्हा बाजूला बसून सांगावं लागतं, ‘गो बाय, भिया नको, आधी श्वास घे.’ चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उघडे राहतात. मला सगळ्यांत मोलाचं तेच वाटतं.

जिउ-जित्सूचे वर्ग मुंबई, पुणे, गोव्यात आहेत. जवळ नसेल तर ज्युदो बघा, पण जमिनीवरचा सराव घेणारा. प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास बसून पाहा. मुलांनी एकमेकांशी खऱ्या जोराने झुंज घेतली का? थापटल्यावर लगेच सोडलं का? जोडीदार नाकारायची मुभा मुलींना आहे का? यातलं एक जरी नसेल तर उठून या. आणि पावसाळ्याचं एक : आपल्याकडे जुलै-ऑगस्टात सरावाचा तो जाड अंगरखा तीन दिवस वाळत नाही, आणि दमट कपड्यातून, मॅटवरून नायटा सगळ्या वर्गाला होतो. दोन जोड हवेत, घरी आल्या आल्या अंघोळ, नखं कापलेली.

भाच्यालाही दिवाळीत बोलवा. या वेळी त्याने जमिनीवरचं तिला शिकवावं आणि तिने त्याला हातमोजे घालायला लावून उभ्याने तीन मिनिटं खेळवावं.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा, गावच्या संघात कबड्डी खेळतो. जिउ-जित्सू सुरू करायचंय. कबड्डीचा उपयोग होईल का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : भरपूर होईल. जिउ-जित्सूवाल्यांचं कच्चं अंग म्हणजे उभ्या माणसाला खाली आणणं, आणि घोटा धरणं, कंबरेला मिठी मारणं हे तुझं रोजचं काम. अंगरख्याशिवायचा प्रकार निवड, घामाने निसटत्या अंगाला धरायची तुला सवय आहे. फक्त एक सवय मोडावी लागेल. पकड करताना तू डोकं खाली घालून घुसतोस, मान पुढे लोंबते. कबड्डीत चालतं, इथे समोरचा तीच मान काखेत घेऊन फास आवळेल. घुसताना नजर वर आणि कान त्याच्या बरगडीला चिकटलेला हवा. हे आधी मित्रावर, हळू, वीस-पंचवीस वेळा करून पाहा आणि मग वर्गात जा.