दूध थांबत नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

मंदीतही चालेल असं क्षेत्र सांगा, असं तू लिहिलंस. आधी माझ्या वडिलांचं ऐक. ते मुंबईला गिरणीत होते. तेव्हा लालबाग-परळमध्ये कुणालाही विचारलं असतंस तर तो म्हणाला असता, "कापडाला मरण नाही, माणूस उघडा फिरतो का?" जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आमचे वडीलही त्यांतलेच, ट्रंक घेऊन गावी आले. लोक कापड घालतच होते. ते भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर निघत होतं, एवढंच.

म्हणून नुसती मागणी बघू नकोस. कुठलं काम उद्यावर ढकलता येत नाही, ते बघ. गाडी पुढच्या वर्षी घेता येते, फ्लॅटही. पण धार काढलेलं दूध ३७ अंशांच्या आसपास असतं, ते दोन-तीन तासांत ४ अंशांवर आलं नाही तर संध्याकाळपर्यंत फुटलंच समज. डेअरीच्या कंप्रेसर रूममध्ये, म्हणजे दूध थंड करणाऱ्या मशीनच्या खोलीत, माझी बत्तीस वर्षं गेली. २००८ ला अमेरिकेत बँका बुडाल्या, २०१६ ला नोटा बंद झाल्या. टँकर पहाटे गेटवर उभेच.

२०२० चं मात्र सांगायला हवं. हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद, दूध अंगावर आलं, पावडर करून ठेवायची वेळ आली आणि दर पडला. शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतलं. माझ्या भावाच्या गोठ्यात चार म्हशी. त्याला दर नाही आणि मला ओव्हरटाइम. एका पंक्तीला जेवायला बसलो की घास उतरायचा नाही. धंदा तोच, पण तो एका टोकाला, मी दुसऱ्या.

तू आयटीआयचा फ्रिज-एसीचा ट्रेड घे, असं मला वाटतं. दोन वर्षांचा आहे. डेअरी नकोशी झाली तर तासगावकडे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, बंदरावर बर्फाचे कारखाने आहेत, लशींना २ ते ८ अंश सांभाळणारी माणसं लागतातच. गॅस बदलतो, मशीन लहान-मोठं होतं, तत्त्व तेच. पगार सुरुवातीला बेताचा, तोही बहुतेक ठेकेदाराकडून. आई नाक मुरडेल. दिवाळीत पाडव्याला ड्युटी लागेल, ती चुकत नाही.

आणि अमोनियाची, म्हणजे मोठ्या मशीनमध्ये थंडावा आणणाऱ्या त्या झोंबऱ्या गॅसची, भीती घालवायची नाही, सांभाळून ठेवायची. बारीक गळती असली की आम्ही गंधकाची काडी पेटवून पाइपावरून फिरवायचो. जिथे पांढरा धूर धरला, तिथे गळती. एकदा वॉल्व्हच्या ग्लँडपाशी, म्हणजे त्याच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगपाशी, असा धूर धरला, आणि मी शहाणपणा करून मास्क न लावता पाना घेऊन वाकलो. डोळे दोन दिवस उघडले नव्हते. चूक सर्वस्वी माझी.

मे महिन्यात ये, तेव्हा मशीनवर सगळ्यात जास्त ताण असतो. मी शिकवलेला एक जण आता शिफ्ट बघतो, त्याला सांगून ठेवलंय. पहाटे चारला गेटवर उभा राहा, चप्पल नको, बूट घालून ये.

तुझा,
काका